शेवटच्या चार सामन्यांचे प्रेक्षक

दर चार वर्षांनी, ऑलिंपिकचा दुसरा आठवडा उजाडला की आपल्याकडे हॉकीच्या तज्ज्ञांचं अमाप पीक येतं. एरवी ज्यांना पेनल्टी कॉर्नर आणि पेनल्टी स्ट्रोक ह्यातला फरक विचारला तर चहाचा घोट घशात अडकेल, अशी मंडळी "अरे, फ्लिक जरा डावीकडे मारायला हवा होता" वगैरे बोलायला लागतात. हापिसातल्या कॅन्टीनच्या टीव्हीवरचं बातम्यांचं चॅनेल कोणीतरी बदलतं. ज्याचा बिल्ड फुटलाय तोसुद्धा "फक्त दोन मिनिटं" म्हणून उभा राहतो आणि अर्धा तास हलत नाही. मग एखादा जुना जाणता खवचटपणे विचारतोच, "काय रे, इतके दिवस कुठे होतात?"

ह्या हंगामी लोकांना नावं ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. 'पदकापुरते प्रेक्षक', 'चार वर्षांतून एकदा देशभक्त' वगैरे. मी मात्र ह्या लोकांच्या बाजूचा आहे. निदान अर्धा तरी. उरलेल्या अर्ध्यात माझं त्यांच्याशी भांडण आहे, पण त्याकडे नंतर येतो.

आधी बाजू घेतो. ऑलिंपिक हॉकीची रचना बघा. १२ संघ, सहा-सहाचे दोन गट, प्रत्येक गटात १५ सामने. म्हणजे एकूण ३० सामने खेळून बाहेर किती संघ जातात? चार! प्रत्येक गटातले पहिले चार उपांत्यपूर्व फेरीत. नंतर उपांत्यपूर्व फेरीच्या फक्त चार सामन्यांत आणखी चार संघ घरी जातात. तीस सामन्यांत चार आणि चार सामन्यांत चार. कोणत्याही प्रोग्रॅमरला हे दाखवलं तर तो म्हणेल, पहिला भाग वॉर्म-अप आहे, खरा लूप पुढे सुरू होतो.

आणि हे नुसतं कागदावरचं गणित नाही. टोकियोला (ऑलिंपिक २०२०चं, पण कोरोनामुळे भरलं २०२१ साली) आपल्या पुरुष संघाने गटात ऑस्ट्रेलियाकडून ७-१ असा मार खाल्ला होता. सात गोल! त्या दिवशी निम्म्या लोकांनी टीव्ही बंद केला असेल. तोच संघ अकरा दिवसांनी पदक घेऊन उभा होता. मुलींचं तर विचारूच नका. नेदरलँड्सकडून ५-१, जर्मनीकडून २-०, ब्रिटनकडून ४-१ असे पहिले तीनही सामने हरल्या. मग आयर्लंडला १-०, दक्षिण आफ्रिकेला ४-३ असं हरवून कशाबशा पुढे सरकल्या आणि उपांत्यपूर्व सामन्यात थेट ऑस्ट्रेलियालाच १-० ने घरी पाठवलं. गुरजित कौरच्या एका गोलवर. गटातले सामने बघून ज्याने त्यांच्याबद्दल मत बनवलं असेल तो तोंडावर आपटला, आणि जो थेट २ ऑगस्टला टीव्हीसमोर बसला त्याचं काहीही बिघडलं नाही.

म्हणजे शेवटचे सामने तेवढे बघणारा माणूस आळशी असेल, पण मूर्ख नाही.

बर्फावरच्या हॉकीतही हेच. आता तुम्ही म्हणाल, देहूरोडला बसून ह्याला आईस हॉकी कुठून सुचली? तर त्याचं असं आहे, की आपल्या धंद्यात क्लायंट जिकडचा असेल तिकडचे सणवार आपल्याला पाळावे लागतात. २०१० साली माझा क्लायंट कॅनडातला होता. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत व्हँकुव्हरला हिवाळी ऑलिंपिक होतं. गटात अमेरिकेने कॅनडाला ५-३ असं त्यांच्याच घरात हरवलं, आणि आठवडाभराने, २८ फेब्रुवारीच्या रविवारी, अंतिम सामन्यात पुन्हा तेच दोघे समोरासमोर आले. कॅनडा २-१ ने पुढे. अमेरिकेने आपला गोलकीपर काढून एक जास्तीचा खेळाडू मैदानात घातला (आईस हॉकीत हा जुगार सर्रास खेळतात) आणि शेवटची जेमतेम २४ सेकंदं उरलेली असताना बरोबरी साधली. जादा वेळेत सिडनी क्रॉस्बीने गोल मारला आणि कॅनडा जिंकलं. टीव्हीच्या आकड्यांप्रमाणे सरासरी १.६६ कोटी लोक तो सामना बघत होते. देशाची लोकसंख्या तेव्हा होती साधारण ३.४ कोटी!

आपल्याकडे तेव्हा सोमवारची पहाट होती, त्यामुळे मी काही जागलो नव्हतो. पण संध्याकाळच्या कॉलवर पहिली पंधरा मिनिटं कोणी स्टेटसच मागितला नाही. एरवी आकड्यांशिवाय न बोलणारा त्यांचा मॅनेजर लहानपणी थंडीत त्याचे वडील घराच्या मागच्या अंगणात पाणी सोडून रात्रभर गोठवायचे आणि सकाळी त्यावर पोरं कशी खेळायची ते सांगत बसला. कॉलवरच्या प्रत्येक कॅनेडियनाकडे अशी एकेक गोष्ट होती. मग त्याने मला विचारलं, "तुमच्याकडेही हॉकी खेळतात ना?"

गंमत म्हणजे अगदी त्याच रविवारी, २८ फेब्रुवारी २०१०ला, दिल्लीत हॉकीचा विश्वचषक सुरू झाला होता आणि आपण पाकिस्तानला ४-१ असं धुतलं होतं. ते मी त्याला सांगितलं. पण त्याचा पुढचा प्रश्न होता, "मग तुझ्या गावात कुठे खेळतात?"

हा प्रश्न मला आवडला, कारण त्याचं उत्तर आपल्या रेल्वे लाईनवर आहे. आणि इथून माझं भांडण सुरू होतं.

देहूरोड स्टेशनवर (देहूरोड म्हणजे देहू नव्हे, हे बाहेरगावच्या पाहुण्यांना दर वेळी सांगावं लागतं) पुण्याकडे जाणारी लोकल पकडा. आकुर्डी, चिंचवड, पिंपरी, कासारवाडी, दापोडी आणि मग खडकी. सहावं स्टेशन. आपल्या देहूरोडसारखंच कॅन्टोन्मेंट, आपल्यासारखीच ऑर्डनन्स फॅक्टरी, आपल्यासारखीच तमिळ-तेलुगू-मराठी-हिंदी अशी सरमिसळ वस्ती. तिथल्या फॅक्टरीच्या मैदानाची देखभाल करणाऱ्या एका कामगाराचा मुलगा तुटक्या स्टिका बांधून भावांबरोबर हॉकी खेळायला शिकला. त्याचं नाव धनराज पिल्ले. पुढे तो चार ऑलिंपिक (१९९२ ते २००४), चार विश्वचषक आणि चार एशियाड खेळला. १९९८ साली बँकॉकच्या एशियाडमध्ये आपण सुवर्ण जिंकलं तेव्हा कर्णधार तोच होता. त्याच्याबरोबर अथेन्स ऑलिंपिकला (२००४) गेलेला विक्रम पिल्ले हाही पुण्याचाच.

त्याच्याही आधी जायचं तर १९३६ साली बर्लिनला ध्यानचंदच्या संघाने अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असं हरवलं, त्या संघात पुण्याचे बाबू निमल होते. आठ गोलांची ती गोष्ट आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलोय, पण त्या संघात एक पुणेकर होता हे किती पुणेकरांना माहीत आहे? (एरवी पुणेकर अशी संधी सोडत नाहीत!)

आता पुढचं ऐका. टोकियोला जो पुरुष संघ ४१ वर्षांनी पदक घेऊन आला त्यात महाराष्ट्राचा एकही खेळाडू नव्हता. २०२४च्या पॅरिसच्या कांस्यपदक विजेत्या संघातही नव्हता. शेवटचा गेला तो मुंबईचा देविंदर वाल्मीकी, २०१६ साली, रिओला. पंजाब, हरियाणा, ओडिशा, मणिपूर, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, केरळ, सगळे आहेत. आपण नाही.

मी हे प्रांतीय अस्मितेने म्हणत नाहीये. श्रीजेश केरळचा आहे म्हणून त्याने अडवलेल्या गोलचा आनंद मला कमी झाला असं अजिबात नाही. मुद्दा असा, की ही गोष्ट आपल्या लक्षातच आली नाही. पदक मिळालं, आपण व्हॉट्सअॅपवर तिरंगा टाकला, विषय संपला. शेवटचे चार सामने बघणाऱ्याला पदक दिसतं, पण संघाच्या यादीत कोण नाही ते दिसत नाही.

इथे नेहमीचं उत्तर तयार असतं. "क्रिकेटने मारलं हो हॉकीला." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ते आता प्रार्थनेसारखं म्हटलं जातं. पण तारखा जुळत नाहीत. कपिलच्या संघाने विश्वचषक जिंकला १९८३ साली. हॉकीत आपण ऑलिंपिकला पहिल्यांदा पदकाविना परत आलो ते १९७६ साली, माँट्रियलला. सातवा क्रमांक! आणि आदल्याच वर्षी, १९७५ला, क्वालालंपूरला आपण हॉकीचा विश्वचषक जिंकलो होतो. एका वर्षात विश्वविजेत्याचा सातवा झाला. मधे काय बदललं? मैदान. माँट्रियल हे कृत्रिम गवतावर खेळलं गेलेलं पहिलं ऑलिंपिक. चेंडू तिथे उसळत नाही, सरळ आणि वेगात जातो. मनगटाच्या कसबापेक्षा धावण्याचा दम जास्त लागतो. खडकीच्या मातीत खेळून ते येत नाही. त्यासाठी तसं मैदान लागतं, आणि एक मैदान म्हणजे लाखो नव्हे, कोटींचा मामला.

दुसरी गोष्ट नोकरीची. धनराजचा भाऊ रमेश मुंबईला आरसीएफकडून खेळायचा, म्हणून धनराज मुंबईला गेला. तिथे महिंद्रकडून खेळला, मग इंडियन एअरलाईन्समध्ये नोकरी मिळाली. रेल्वे, सैन्य, तेल कंपन्या, बँका, विमान कंपनी, ऑर्डनन्स फॅक्टऱ्या... आपली हॉकी जगली ती 'स्पोर्ट्स कोट्या'वर. गरीब घरातल्या मुलाच्या बापाला विचारा. पोरगं स्टिक घेऊन रोज चार तास मैदानावर जाणार असेल तर त्याचा एकच प्रश्न असतो, शेवटी पगार कोण देणार? खडकीत त्या प्रश्नाला एक पिढी उत्तर होतं. आज त्या कॉलन्यांमधल्या मुलाला कॉल सेंटरची, गोडाऊनची, डिलिव्हरीची नोकरी लवकर मिळते. तिला स्टिक लागत नाही.

थोडक्यात काय, तर मैदान आणि नोकरी. हे जिथे आहे तिथे खेळाडू तयार होतात. आईस हॉकीवाल्या कॅनडात मैदान अंगणात गोठतं आणि नोकरी व्यावसायिक लीग देते. ओडिशाने काय केलं? सुंदरगडसारख्या भागात हॉस्टेलं काढली, मैदानं घातली आणि २०१८ पासून दोन्ही राष्ट्रीय संघांचं प्रायोजकत्व एका राज्य सरकारने घेतलं. अमित रोहिदास त्याच सुंदरगडचा. किंवा आपल्याच लडाखकडे बघा. तिथे हिवाळ्यात तळी गोठतात म्हणून मैदान फुकट मिळतं आणि पोरंपोरी त्यावर आईस हॉकी खेळतात. २०२५ साली अमिरातीत झालेल्या महिलांच्या आशिया चषकात भारताने कांस्य जिंकलं त्या संघात बहुतेक मुली लडाखच्या. वाळवंटातल्या रिंकवर, वर्षातले थोडेच महिने बर्फ मिळणाऱ्या मुलींनी! ही बातमी आपल्याकडे किती जणांनी वाचली असेल, असो.

आता सगळं रडगाणंच आहे असंही नाही. महाराष्ट्राच्या पुरुष हॉकीचं जे झालं ते झालं, पण मुलींकडे बघा. वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे, ऋतुजा पिसाळ ही नावं ऐकलीत? तिघी सातारा जिल्ह्यातल्या, फलटणच्या बाजूच्या. शेतकरी घरांतल्या. तिघी भारताकडून खेळल्यात. २०२४च्या जानेवारीत मस्कतला 'हॉकी फाईव्हज' नावाच्या पाच-पाच खेळाडूंच्या प्रकाराचा महिलांचा पहिला विश्वचषक झाला, त्यात भारत अंतिम सामन्यापर्यंत गेला, आणि त्या संघात अक्षता आणि ऋतुजा होत्या. नेदरलँड्सकडून हरलो, रुपं मिळालं. खडकीची कॉलनी थांबली तिथून पुढे फलटणच्या मुलींनी सुरुवात केली म्हणा ना. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीसारख्या ठिकाणी राहायची सोय आणि मैदान मिळालं की काय होतं ते हे. गावाचं नाव बदललं, सूत्र तेच.

आणि आता माझ्या भांडणाचा मुख्य मुद्दा. पिंपरीत नेहरूनगरला महापालिकेचं मेजर ध्यानचंद हॉकी स्टेडियम आहे. जुने लोक 'पॉलिग्रास' म्हणतात. २०२१ सालच्या डिसेंबरमध्ये, म्हणजे टोकियोच्या पदकानंतर जेमतेम चार महिन्यांनी, पुरुषांची वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा इथे झाली. ऑगस्टमध्ये ज्या शहराने सकाळी सात वाजता उठून हॉकी बघितली होती, त्याच शहराच्या दारात चार महिन्यांनी देशभरचे संघ आले होते. २०२४च्या मार्चमध्ये महिलांची वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धाही इथेच झाली. आणि महाराष्ट्राच्या मुली त्यात अंतिम सामन्यापर्यंत गेल्या! आपल्या घरच्या मैदानावर. हरियाणाकडून हरल्या, पण हरियाणा म्हणजे महिला हॉकीचं माहेरघर, तिथपर्यंत पोचणं ही साधी गोष्ट नाही.

तुमच्या ओळखीतल्या किती जणांनी तो सामना बघितला? मी माझ्या टीमला विचारलं. अठरा जणांत एकालाही अशी काही स्पर्धा झाल्याचं माहीत नव्हतं. त्यातले पाच जण पिंपरी-चिंचवडमध्ये राहतात. एक तर नेहरूनगरपासून चालत जाता येईल इतक्या जवळ.

ह्याउलट गहुंजेला क्रिकेटचा सामना असला की किवळ्याच्या मुकाई चौकापासून आम्हा स्थानिकांना कळतं. गाड्याच गाड्या. दूध आणायला बाहेर पडायची सोय नसते. मला क्रिकेटचा राग नाही, मीही बघतो. पण 'आपल्याकडे दुसऱ्या खेळांना प्रेक्षकच नाहीत' असं म्हणणारे लोक त्याच गाड्यांत बसलेले असतात, एवढंच.

ह्यावर तीन आक्षेप हमखास येतात, ते आधीच निकालात काढतो.

पहिला : वेळ कुठे आहे? मान्य. रिलीज, डेडलाईन, हिंजवडीचा ट्रॅफिक, पोरांच्या शाळा. म्हणून तर मी म्हणतोय, सगळी स्पर्धा बघूच नका. जे ऑलिंपिकला करता तेच इथे करा. शेवटचे चार सामने. दोन उपांत्य, एक तिसऱ्या क्रमांकाचा, एक अंतिम. हॉकीचा सामना पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार डावांचा असतो. मध्यंतर, रेफरल वगैरे धरून पावणेदोन तास. तुमची स्प्रिंट प्लॅनिंगची मीटिंग ह्याहून लांब चालते.

दुसरा : दर्जा नसतो. हे कोण म्हणतं? राष्ट्रीय स्पर्धेत भारतीय संघातल्या मुलीच आपापल्या राज्याकडून खेळतात. टीव्हीवर ज्यांना तुम्ही डोक्यावर घेता त्याच. फरक एवढाच, की मैदानावर बसलं की टीव्हीवर जे दिसत नाही ते दिसतं. चेंडू फळीवर आपटतो तो 'खाड्' आवाज पोटात जाणवतो. पेनल्टी कॉर्नरच्या वेळी बचावाला धावणारी पहिली मुलगी अक्षरशः त्या चेंडूच्या वाटेत पळत जाते. ते बघितलं की 'फ्लिक जरा डावीकडे' म्हणायची हिंमत होत नाही.

तिसरा, आणि हा जरा खरा आहे : त्याने काय होणार? मी जाऊन बाकावर बसल्याने कोणाला नोकरी मिळणार आहे? थेट नाही. पण महापालिका, सरकार, कंपन्या हे सगळे प्रेक्षक मोजतात. रिकाम्या स्टेडियमची देखभाल हा बजेटमधला सगळ्यात सोपा काट मारायचा कॉलम असतो. कृत्रिम गवत झिजतं, ठराविक वर्षांनी बदलावं लागतं, त्यावर सतत पाणी मारावं लागतं. ते पाणी मारायचं की नाही हे कोणीतरी टेबलामागे बसून ठरवतं, आणि त्याच्यासमोर गर्दीचा फोटो असला तर निर्णय वेगळा होतो. आपल्या कंपन्यांचंही तेच. सीएसआरच्या मीटिंगमध्ये मॅरेथॉन आणि वृक्षारोपणाच्या पलीकडचं काही सुचवायचं तर सुचवणाऱ्याने ते एकदा डोळ्यांनी बघितलेलं असावं लागतं. 'फलटणच्या एका मुलीचं वर्षभराचं किट, आहार आणि प्रवास' हा प्रस्ताव एखाद्या टीम ऑफसाईटच्या खर्चात बसेल असा माझा अंदाज आहे. पण तो मांडणार कोण? ज्याने तिला खेळताना पाहिलंय तोच.

आणि एक गोष्ट, तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्याबद्दल. मला विचाराल तर कुठल्याही स्पर्धेतला सगळ्यात खरा सामना हाच. अंतिम सामन्यात हरलं तरी रुपं मिळतं. उपांत्य सामन्यात हरलं तरी अजून एक संधी असते. कांस्याच्या सामन्यात मात्र दोन्ही संघ दोनच दिवसांपूर्वी मोडून पडलेले असतात आणि त्यांना पुन्हा उभं राहायचं असतं. टोकियोला आपला संघ ३ ऑगस्टला बेल्जियमकडून ५-२ ने हरला. ५ तारखेला सकाळी जर्मनीविरुद्ध एका क्षणी १-३ ने मागे होता. तिथून ५-३. मग ५-४. शेवटची सहा-सात सेकंदं आणि जर्मनीला पेनल्टी कॉर्नर. श्रीजेशने तो अडवला आणि ४१ वर्षं संपली. दुसऱ्याच दिवशी आपल्या मुली ब्रिटनविरुद्ध ०-२ वरून ३-२ वर आल्या आणि ४-३ ने हरल्या. दोन दिवसांत दोन्ही बाजू बघायला मिळाल्या. कांस्याच्या सामन्यात हरलेल्याला काहीही मिळत नाही. चौथ्या क्रमांकासाठी पोडियमवर पायरी नसते.

आणि कधीकधी तर हा सामना आपण बघतच नाही, कारण तो ऑलिंपिकमध्ये नसतो. १९ जानेवारी २०२४, रांची. पॅरिसची पात्रता फेरी. पहिल्या तिघांना तिकीट. आपल्या मुली उपांत्य फेरीत जर्मनीकडून शूटआऊटमध्ये हरल्या आणि मग तिसऱ्या क्रमांकासाठी जपानशी खेळल्या. ०-१. संपलं. टोकियोला ज्यांच्यासाठी सगळा देश रडला त्या मुली पॅरिसला गेल्याच नाहीत, आणि ऑगस्टमध्ये कित्येक लोक विचारत होते, "मुलींची मॅच कधी आहे?"

हे असं होतं. शेवटचे सामने बघायला माझी हरकत नाही, पण शेवटचे सामने कुठले हे तरी नीट ओळखायला हवं. फलटणच्या मुलीसाठी शेवटचा सामना कदाचित नेहरूनगरला असतो. तिथे ती चमकली तर शिबिरात जाते, नाही चमकली तर गावी. तिचं ऑलिंपिक आपल्यापासून तीन स्टेशनांवर होऊन जातं आणि आपण घरी बसून रिमोट शोधत असतो.

तेव्हा माझं म्हणणं इतकंच. हंगामी प्रेक्षक राहा, खुशाल राहा. फक्त हंगाम दोन करा. एक चार वर्षांतून एकदा, टीव्हीवर. दुसरा जेव्हा नेहरूनगरला किंवा बालेवाडीला राष्ट्रीय स्पर्धा असेल तेव्हा, बाकावर. अशा सामन्यांना बहुतेक वेळा तिकीटही नसतं. पिंपरी स्टेशनला उतरायचं, रिक्षा करायची, येताना चार शेंगदाणे खायचे. पोरांना घेऊन गेलात तर उत्तमच. त्यांना स्टिक हातात घ्यावीशी वाटली तर थोडा खर्च वाढेल, त्याला माझा इलाज नाही.

पुढची स्पर्धा लागली की तारखा मी इथे टाकीनच. उपांत्य सामन्यांच्या दिवशी दुपारची लोकल देहूरोडहून पकडणार आहे. डबा मधला.